ओवाळणीतले सात कागद

नागपूर, २२ डिसेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून हसू नकोस. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनानेच भरतोस, त्यापेक्षा हे बरं.

आमचं नक्की झालं. बागेत रोज सकाळी फिरणाऱ्या आम्ही सातजणी ९ जानेवारीला कुमाऊँला निघतोय. देवदारांच्या जंगलातून चार दिवस बर्फात चालायचं. सातजणी झाल्या तरच गट नेऊ असं आयोजकांनी बजावलं होतं, म्हणून माझा जीव टांगणीला होता. डॉक्टरांचे दाखलेही पोचले. भाऊबीजेला मी तबकात सात कागद ठेवले तेव्हा तुझा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. बहिणीने तोंडाने मागितलेली ओवाळणी नाकारता येत नाही, हे आईने तुला चांगलं पढवलंय. साडीपेक्षा तुझ्या सात सह्या मला मोलाच्या वाटल्या.

काल सीताबर्डीला जाऊन जाडे कोट आणले. ते घालून आम्ही सातजणी गाद्यांच्या गठ्ठ्यांसारख्या दिसतो. आमच्या गल्लीतल्या कांताबाईंनी तर दुकानातच फेरी मारून दाखवली. त्या मूळच्या उमरेडच्या, विणकराच्या घरातल्या. चाळीस वर्षं मागावर बसल्या, आता मुलाकडे असतात.

वहिनीस नमस्कार. थंडी वाढली आहे, लोभ मात्र गारठू देऊ नये.

तुझी,
प्रेमलता

*

कळमेश्वर, २७ डिसेंबर २०२५

चि. प्रेमलतास,
अनेक आशीर्वाद.

कोटाचं वर्णन वाचून तुझी वहिनी हसली. मला काही हसू येईना.

भाऊबीजेच्या दिवशी पोटात अनारसे होते आणि कपाळाला टिळा होता, मी सह्या करून मोकळा झालो. आता दवाखान्यात बसलो की ते कागद आठवतात. तुझं नाव तेवढं भरलेलं होतं, बाकीचे सहा कोरे. प्रकृती तपासली, चढणीस योग्य आढळली, असं छापलेलं होतं आणि त्याखाली माझी सही. तीस वर्षांत मी शाळेतल्या पोरालासुद्धा न तपासता दाखला दिलेला नाही. तू मास्तरीण, तुला यातली चूक मी शिकवायला नको.

४ जानेवारीच्या रविवारी सगळ्यांना घेऊन ये. अर्ध्या तासाचं काम आहे, रक्तदाब बघतो, छाती ऐकतो. जेवायलाच या, तुझी वहिनी पाटवड्या करते म्हणाली. सगळ्या ठणठणीत निघाल्या तर मी कान पकडीन.

आशीर्वाद आहेतच, पण रविवारी या.

तुझा,
महादेव

*

नागपूर, ५ जानेवारी २०२६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रविवारी आलो नाही म्हणून रागावू नकोस. एकीकडे पाहुणे, एकीकडे बारसं, सगळ्यांचा मेळ बसेना. शिवाय तू एकदा नळी कानाला लावलीस की धडधाकट माणसालाही दोन आजार चिकटवतोस.

आमची तयारी बघायची असेल तर ऐक. रामटेकच्या पायऱ्या आम्ही तीनदा चढलो. दुसऱ्या खेपेला कांताबाई मध्येच खाली बसल्या. तोंडावर घाम होता. बुटाची नाडी सुटली म्हणाल्या, मग पुन्हा उठून चालायला लागल्या. त्यांनी घरी देवीच्या यात्रेला जातो असं सांगितलंय, त्यामुळे त्यांच्या सुनेने, रोशनीने, ओटीचं सामान बांधून दिलं. आम्ही हसून हसून दमलो.

९ तारखेला गाडी. तिथे मोबाईल लागत नाही, तेव्हा पत्र हयात सिंग यांच्या पत्त्यावर टाक, तो पाठीमागे लिहिला आहे. तेच आमचे वाटाडे. रागाचा निकाल मी परत आल्यावर लावू.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझी,
प्रेमलता

*

कळमेश्वर, १२ जानेवारी २०२६

प्रेमलता,

हे पत्र मिळेल तिथे थांब आणि पुढे पाऊल टाकू नकोस.

आज सकाळी दवाखान्यात रोशनी आली होती. कपाट आवरताना तिला सासूच्या दाखल्याची झेरॉक्स सापडली. त्यावर माझं नाव पाहून ती बस पकडून थेट आली. भांडायला नव्हती आली. हात जोडून म्हणाली की, डॉक्टरसाहेब, तुम्ही आमच्या आत्याबाईंले तपासलं, तर त्यांचं हृदय आता बरं झालं काय, एवढंच मले सांगा. मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

दीड वर्षापूर्वी कांताबाई घरात बेशुद्ध पडल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांनी चढणं आणि कडक थंडी दोन्हीला सक्त मनाई केली आहे. तिथे बर्फ असतो हे रोशनीला माहीत नव्हतं. मी खरं न सांगताच तिला परत पाठवलं.

आयोजकांना कंपाउंडरकडून फोन लावला. रस्ता बंद आहे, निरोप वर पाठवायचा प्रयत्न करू म्हणाले. मी इथून उंटावरून शेळ्या हाकतोय, दुसरं काय करू? कांताबाईंना कुठल्याही कारणाने खाली उतरव. त्या रुसल्या तर रुसू दे. हयात सिंगला सांग की दाखला खोटा आहे, डॉक्टर स्वतः सांगतोय.

महादेव

*

हयात सिंग यांच्या घरून, १८ जानेवारी २०२६

ती. दादास,

तुझं पत्र १६ तारखेला रस्ता मोकळा झाल्यावर जीपमधून आलं. तोवर दोन दिवस उलटून गेले होते.

कांताबाई संक्रांतीच्या दिवशी गेल्या. सकाळी त्यांनी जंगलातच सगळ्यांना तिळगूळ वाटला, हयात सिंगलासुद्धा. झाडं इतकी दाट की बर्फावर ऊन पोचत नव्हतं. आमच्या बोलण्याखेरीज कुठलाही आवाज नव्हता. कांताबाई सगळ्यांत मागे होत्या, आणि प्रत्येक वळणावर मागे पाहिलं की त्यांचं अंतर वाढलेलं दिसायचं. मधल्या झोपडीशी हयात सिंग थांबला. त्यांचे ओठ निळे पडलेत, आपण सगळेच परत फिरू असं तो म्हणाला.

दादा, तेव्हा मी पिशवीतून त्यांच्या दाखल्याची प्रत काढली. डॉक्टरांनी तपासलंय असं त्याला सांगितलं आणि तुझी सही दाखवली. त्याने ती दोनदा वाचली, मला हात जोडले आणि पुढे निघाला. अर्ध्या तासाने कांताबाई एका देवदाराला टेकून खाली बसल्या. या वेळी नाडी सुटली नव्हती. मी हाक मारत मागे धावले तोवर संपलं होतं.

आणि मला सगळं माहीत होतं. रामटेकला पायरीवरच त्यांनी मला मनाई सांगितली होती, बर्फ एकदा डोळ्यांनी पाहू द्या म्हणून हात धरला होता. त्यांच्या इच्छेसाठी मी गप्प राहिले असं म्हणता आलं असतं तर बरं होतं. त्या गळल्या असत्या तर आम्ही सहाजणी उरलो असतो आणि गट मोडला असता. मला यायचं होतं.

त्यांचा मुलगा भूपेश काल पोचला. इथेच नदीकाठी अग्नी दिला. नंतर तो माझ्या पाया पडला, मावशी तुम्ही शेवटपर्यंत सोबत होता म्हणाला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हयात सिंगला दोन दिवस चौकीत बसवून विचारपूस झाली, तुझ्या कागदामुळे तो सुटला. तुला काय काय भोगावं लागेल कोण जाणे. मला तुझ्या पाया पडायचंही तोंड नाही.

२५ ला सकाळी नागपूरला पोचतो. भूपेश अस्थी घेऊन प्रयागला जाणार आहे.

प्रेमलता

*

नागपूर, २४ जानेवारी २०२६

चि. प्रेमलतास,
आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या दाराच्या फटीतून आत टाकून जातो आहे.

चौकीवरून मला फोन आला होता. कंपाउंडरला लिहायला बसवलं आणि न तपासता सही केली असं कबूल करून पाठवलं. होईल ते होईल, ते माझं मी निस्तरीन.

आज रोशनीकडे गेलो. ओसरीत सतरंजी घातलेली होती, माणसं येऊन जाऊन होती. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, कोरे कागद, सह्या, सगळं. कोणी मागितल्या म्हणून सह्या केल्या ते तेवढं सांगितलं नाही. तिने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ती रडत म्हणाली की प्रेमलतामावशीलेही आत्याबाईंनी फसवलंच असेल, मावशीले माहीत असतं तर तिनं त्यांले एक पायरी चढू दिली नसती.

उद्या सकाळी तू दमून येशील म्हणून ती तुझ्यासाठी डबा घेऊन येणार आहे. मी तिला अडवलं नाही. दार तू उघड आणि जे सांगायचं ते तुझ्या तोंडाने सांग.

या वेळी मी तुला काही लिहून देणार नाही.

तुझा भाऊ,
महादेव