अकराव्या होडीचा पुकारा

सोमवार, दि. २ डिसेंबर २०२४

मी, उत्तरेश्वर बाबूराव घोडके, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, मूळ राहणार बेंबळी, सेवानिवृत्त कोतवाल, आजपासून ही रोजनिशी लिहावयास घेत आहे. जे लिहीन ते खरे लिहीन. महसूल खात्यात चौतीस वर्षे सेवा केली. त्यांपैकी अखेरची नऊ वर्षे लोहारा येथील कचेरीत पुकाऱ्याचे काम माझ्याकडे होते. पक्षकाराचे नाव तीनदा पुकारावे, आला तर हजर लिहावे, न आला तर गैरहजर. माझा आवाज रस्त्यापलीकडील चहाच्या टपरीपर्यंत जात असे, हे सांगण्यात मला संकोच नाही.

त्याच आवाजामुळे ही जागा चालून आली. आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही. तथापि धरणाच्या या घाटाला येथील मंडळी मोठ्या दिमाखाने ‘बंदर’ म्हणतात. मच्छीमार संस्थेच्या वहीवर चौदा होड्या आहेत; त्या पहाटे सुटतात आणि सूर्य मावळताना परततात. त्या वेळी घाटावर उभे राहून प्रत्येक होडीचा क्रमांक व नाव पुकारायचे, ‘आलो’ असे उत्तर आले की वहीत हजर लिहायचे, एवढे माझे काम. पाण्यावर अंधार लवकर उतरतो, कोण मागे राहिले ते कळावे, यासाठी ही पद्धत आहे.

बंदराचा कारभार तिघेजण पाहतात. अध्यक्ष शांतलिंग, सर्वांत जुने नावाडी वीरप्पा, जे वयाने माझ्याच बरोबरीचे असावेत, आणि शिवप्रिया, जी मासळीच्या काट्यावर बसते. तिने माझ्या खोलीत भाकरी व आमटी आणून ठेवली व म्हणाली, “तात्या, माशाचं चालत नसंल तर सांगा. लाजू नका.” मी सांगितले की चालते. पत्नी वारल्यापासून चार वर्षांत दुसऱ्याच्या हातचे गरम अन्न प्रथमच जेवलो.

खोली घाटाच्या माथ्यावर आहे. टेबल, खुर्ची, कंदील, विजेचा दिवा, सर्व व्यवस्थित. खिडकीतून पाणी दिसते. मन प्रसन्न आहे.

बुधवार, दि. ४ डिसेंबर

आजच्या पुकाऱ्यानंतर वीरप्पा म्हणाले, “कोतवालसाहेब, हळू वरडा. पलीकडच्या गावची माणसं हातातली कामं टाकून पळत येतील.” सर्व हसले. मीही हसलो. बरे वाटले.

एक गोष्ट मात्र खटकली. माझ्या हाती दिलेल्या यादीत दहानंतर एकदम बारा असा क्रमांक आहे. मूळ वही उघडून पाहिली. अकरावर ‘नागप्पा’ असे नाव असून त्यापुढे तीन वर्षे नुसत्या आडव्या रेघा आहेत. हजर नाही, गैरहजर नाही. अशी नोंद मी आयुष्यात पाहिली नव्हती. आणखी असे निदर्शनास आले की दहा क्रमांक झाल्यावर सर्व नावाडी आपापली वल्ही पाण्याबाहेर उचलून धरतात आणि बारा पुकारेपर्यंत श्वाससुद्धा जपून घेतात.

शांतलिंग यांना विचारले. नागप्पा हा शिवप्रियेचा नवरा. तीन वर्षांपूर्वी श्रावणात वादळानंतर होडी सापडली, माणूस सापडला नाही. प्रेत नाही म्हणून दाखला नाही. दाखला नाही म्हणून नाव कमी होत नाही. तेव्हापासून ते नाव कापायचे नाही आणि पुकारायचेही नाही, असे ठरले आहे. शिवप्रिया शेजारी काटा पुसत होती. ती वर न पाहता म्हणाली, “तेवढं एक ऱ्हाऊ द्या, तात्या.”

मी होकार दिला. परंतु ती आडवी रेघ डोळ्यांसमोरून जात नाही.

रविवार, दि. ८ डिसेंबर

मुलगा इंद्रजित याचा पुण्याहून दर रविवारी दूरध्वनी येत असे. रेंज केवळ धरणाच्या भिंतीवर मिळते, म्हणून दुपारी तेथे दोन तास बसून राहिलो. आला नाही. कामात असेल. मी स्वतः लावला नाही. बापाने किती वेळा लावायचा, यालाही काही मर्यादा असते.

रविवारी मंडळी आपापल्या घरी असतात. दिवसभरात माझ्याशी कोणीही बोलले नाही. सायंकाळी मोकळ्या घाटावर उभा राहिलो आणि विचार केला की एका माणसाला तीन वर्षे ना हजर, ना गैरहजर असे लोंबकळत ठेवणे हा त्याच्यावर व त्याच्या पत्नीवर अन्याय आहे. कचेरीची रीत सरळ आहे. तीनदा पुकारावे, उत्तर न आल्यास गैरहजर लिहावे. उद्या तसे करीन. त्या बिचारीलाही पुढचा मार्ग मोकळा होईल.

सोमवार, दि. ९ डिसेंबर

जे घडले ते क्रमाने लिहितो.

सूर्य टेकला होता. दहा होड्या झाल्या. वल्ही वर उचलली गेली. मी वही उघडून पुकारले, “अकरा क्रमांक, नागप्पा, हजर आहे काय?” शांतलिंग यांनी माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला. दुसऱ्यांदा पुकारले. वीरप्पा होडीतून ओरडले, “अहो, तोंड आवरा!” तिसऱ्यांदा पुकारले.

पाण्यावरून उत्तर आले.

“हाय जी.”

आवाज दूरचा होता. पाण्यात बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांकडून आला. पुरुषाचा, शांत, आदबशीर. तेथे होडी नव्हती. मी नीट पाहिले. चौदापैकी तेरा होड्या समोर होत्या व त्यांतील एकाही माणसाने मागे वळून पाहिले नाही. शिवप्रियेच्या हातून काट्याचे पारडे फरशीवर पडले.

त्यानंतर सर्व होड्या एकदम घाटाला लागल्या. कोणी मासळी तोलली नाही.

उत्तर आले असता गैरहजर लिहिणे खोटे ठरले असते. मी ‘हजर’ असे लिहिले व खाली सही केली.

मंगळवार, दि. १० डिसेंबर

आज एकही होडी सुटली नाही. शांतलिंग कामानिमित्त सोलापूरला गेल्याचे कळले. केव्हा येतील ते ठाऊक नाही. जेवण आले नाही. स्वतः पिठले केले.

कोणीतरी थट्टा केली असावी, असे दिवसभर मानून चाललो. सायंकाळी रिकाम्या पाण्याकडे पाहून, केवळ खातरजमा म्हणून, एकदाच विचारले की कोणी आहे काय.

“हाय जी.”

बाभळींच्या अलीकडून. कालच्यापेक्षा जवळून.

खोटे लिहिणार नाही: भीती वाटली, पण त्याआधी क्षणभर बरेही वाटले. मला कोणीतरी ‘जी’ म्हणत होते.

गुरुवार, दि. १२ डिसेंबर

सकाळी वीरप्पा आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. म्हणाले, “त्यो नागप्पा न्हाय. नागप्पा गेला. पाण्यात जे हाय त्याला नाव न्हाय, म्हणून कुणाचंबी नाव घेतं. आमी वल्ही उगाच उचलत न्हाय. दर हाकेला ते एक पाऊल पुढं येतंय. तुमी त्याला हजर लिवलंय. ती नोंद तुमच्याच हातानं कापा.”

मी म्हणालो की मी चौतीस वर्षांत एकही खाडाखोड केलेली नाही. “मग बसा वही कवटाळून,” ते म्हणाले व गेले.

दुपारी शिवप्रिया आली. नवे लुगडे नेसली होती, कपाळाला ठसठशीत कुंकू. तिने माझे पाय धरले. “तात्या, तुमी पुकारलं म्हणून त्यांनी ओ दिली. मला वळख पटली. रोज पुकारा. एवढं जवळ आलेत, येतील.” मी तिला उठवले. सायंकाळी ती घाटाच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर जाऊन बसली. मी पुकारले नाही. तिने स्वतःच हाक मारली, नाव न घेता, बायका मारतात तशी — “अवं, ऐकलं का?”

उत्तर इतक्या जवळून आले की तिने हात पुढे केला.

शुक्रवार, दि. १३ डिसेंबर

साक्षीदाराची परीक्षा घेण्याची एक रीत आहे. जो प्रत्येक प्रश्नाला होकार देतो त्याची साक्ष ग्राह्य धरत नाहीत.

शिवप्रिया गुडघाभर पाण्यात उभी होती. मी वरच्या पायरीवरून विचारले — तू नागप्पा आहेस काय?

“हाय जी.”

तू शांतलिंग आहेस काय?

“हाय जी.”

तू उत्तरेश्वर आहेस काय?

“हाय जी.”

तिसरे उत्तर माझ्याच आवाजात आले. पुकाऱ्याच्या आवाजात.

मी तिला दंडाला धरून वर ओढले. ती मला शिव्या देत होती. मी तिला सांगितले, हा नागप्पा नव्हे — तीनदा सांगितले — तिला ऐकावयाचे नव्हते. तीन प्रश्नांत ते घाटाच्या पायऱ्यांना येऊन लागले. हे माझ्या हातून झाले.

शनिवार, दि. १४ डिसेंबर

नोंद कापणार. ठरले. वीरप्पांच्या घरी जाऊन तसे सांगितले. खाडाखोडीस दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि गैरहजर लिहावयाचे ते वेळ टळल्यावर, म्हणजे सूर्य बुडाल्यावर. ते म्हणाले, “उद्या येतो, कोतवाल.” प्रथमच नुसते ‘कोतवाल’ म्हणाले, साहेब नाही.

दुसरी सही पत्नी म्हणून शिवप्रियेची हवी. ती देणार नाही.

सायंकाळी ती कमरेएवढ्या पाण्यात. मी काठावर. पुकारायचे नाही म्हणून तोंडात उपरण्याचा बोळा —

ती त्याला काहीतरी विचारत होती. ऐकू आले नाही. मग किंचाळली. स्वतःच वर आली. ओलीचिंब, दात वाजत. म्हणाली, “मी इचारलं, तू माझा धनी न्हायस, ह्ये खरं हाय ना? तर ते म्हणलं, ‘हाय जी.’”

मी कांबळे दिले.

रविवार, दि. १५ डिसेंबर

सूर्य बुडाला. दिवा गेला आहे. कंदिलावर लिहितो.

शिवप्रिया आली. मी रेघ मारली. ‘हजर’ कापले. रेघ सरळ आली. वर ‘गैरहजर’ लिहिले. तिने सही केली. रडली नाही. तिला सांगितले की मागे न बघता रस्त्याला लाग. गेली. रस्त्यावर पोचलेली खिडकीतून पाहिली. ती वाचली, एवढे येथे नमूद करतो.

आता वीरप्पांची सही तेवढी राहिली.

पायऱ्यांवर पाण्याचा आवाज. वारा नाही.

मी खाली मान घालून साक्षीदारांचा रकाना आखत होतो. पायरव दाराशी आला. मान वर न करता विचारले — वीरप्पा आहेत काय? ओ आली. म्हटले, या, सही करा. लेखणी पुढे केली. घेतली. बोटे थंड —

नावानिशी पुकारले. मीच —

हजर साक्षीदार, समक्ष:

१) शिवप्रिया, नागप्पाची पत्नी. सही केली.

२) वीरप्पा. सही —

वीरप्पा आत्ता बांधावर दिसत आहेत. कंदील हातात. दूर आहेत. मला हाक मारत आहेत, उत्तरेश्वर म्हणून, आणि माझ्या टेबलाशी जे उभे आहे ते त्यांना ओ दे