व्याह्यांच्या नावे अधिकारपत्र

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (अक्षर डाव्या हाताचं आहे. कागदावरून कोंबडी चालली असं समजून फेकून देऊ नकोस.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला? आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे.

मागे तुला कळवलं होतं की दुकानातला आरसा फुटून हात कापला. आरसा धडधाकट आहे. झालं असं की, दीड महिन्यापूर्वी भर दुपारी एक तरणा माणूस दाढीला आला. मी गुळगुळीत दाढी करून दिली (वर उलटी दाढीही, न सांगता), तर त्याने उठून माझाच वस्तरा उचलला आणि गल्ल्याकडे बोट दाखवलं. गल्ला नेला तो नेलाच, वर माझ्या उजव्या तळहातावर वस्तरा ओढून गेला. डॉक्टर म्हणतात, बोटांच्या शिरा जोडल्यात, पण पुन्हा कात्री धरता येईल असं धरून चालू नका. तुला खोटं लिहिलं, कारण तू तशीच निघून आली असतीस आणि तुला पाहून मला रडू फुटलं असतं.

पोलिसांनी सांगितलं, अशा माणसाला सरकारी मदत मिळते. स्वतःला जमत नसेल तर कोणाला तरी लेखी नेमा, तो तुमच्या वतीने अर्ज करील. हे ऐकायचा अवकाश, आमचे व्याही उभे राहिले. निवृत्त मुख्याध्यापक. आपली लेक त्यांच्या घरात. नाही कसं म्हणणार? अधिकारपत्र त्यांनीच लिहिलं, त्यातलं शुद्धलेखन त्यांनीच तपासलं, मी फक्त डावा अंगठा टेकवला (तिरका पडला म्हणून पुन्हा टेकवायला लावला).

कचेरीतल्या बाई चांगल्या होत्या. त्या मला विचारत आणि व्याही उत्तर देत. हात दुखतो का? "छे! मोठे धीराचे आहेत." झोप लागते? "पडल्या पडल्या घोरतात." (हे त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे.) काम कधी सुरू करणार? "मनात आणलं तर उद्या!" मी तोंड उघडलं की ते माझ्या मांडीवर थोपटत, घाबरलेल्या विद्यार्थ्याला थोपटावं तसं. 'काय घडलं' या रकान्यात जागा पुरेना म्हणून त्यांनी दीड पान जोडलं. त्यात मी वाघासारखा झेपावतो आणि गुंडाला चौकापर्यंत पिटाळतो. बाईंनी वाचून मला विचारलं, असंच झालं ना? व्याही माझ्याकडे इतक्या अभिमानाने बघत होते की मी मान हलवली.

परवा अर्ज परत आला. ज्याला दुखत नाही, जो उद्या कामावर जाणार, त्याला मदत कशाची? शिवाय पोलिसांच्या कागदाशी हकीकत जुळत नाही. पोलिसांच्या कागदात आहे ते खरं आहे, ताई. मी दोन्ही हात तोंडापुढे धरले आणि "दादा, नको" म्हणालो. माझ्या जावयाहून लहान होता तो, आणि मी त्याला दादा म्हणालो. तो गेल्यावर खुर्चीच्या पायाशी बसून राहिलो. पुढचं गिऱ्हाईक आत आलं तरी उठता येईना.

व्याही खचलेत. रोज येतात, पेपर पुन्हा तपासायला लावू म्हणतात. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना आपला व्याही शूर हवा होता, इतकंच.

दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. – प्रतिनिधी बदलता येतो. नव्या कागदावर तुझं नाव घातलंय. ये.

ता. क. २ – व्याह्यांना सांगितलंय की ताईनेच हट्ट धरला, माझं काही चालेना. तेव्हा निघण्याआधी त्यांना एक हट्टाचं पत्र टाक. तुला ते घाबरतात.

ता. क. ३ – 'काय घडलं' हा रकाना कोरा ठेवलाय. मी सांगेन, तू लिही. सांगताना मध्येच थांबलो तर थांबू दे. माझ्याऐवजी बोलू नकोस.