मूल्यमापन करा : सात गुण

७ जुलै

नापास! आणि कशात — पर्यावरणात! बी.ए.ला ज्या विषयाचं पुस्तकसुद्धा कोणी विकत घेत नाही, त्यात! शेजारचा श्यामदादा गल्लीत सगळ्यांसमोर हसला — "पर्यावरणात बी कोणी नापास होते काय वं, रागिणी?" आता वलगावभर हेच. तोंड कुठे लपवू?

८ जुलै

जेवले नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

२९ जुलै

आज शहरात, राजापेठेत, पौर्णिमा मॅडमच्या क्लासला गेले. माझ्या पेपरची झेरॉक्स त्यांनी पाहिली. प्रश्न होता — कीटकनाशकांच्या वापराचे मूल्यमापन करा. मी चार पानं भरली होती. व्याख्या, प्रकार, फायदे, तोटे, शिवाय झाडाचं चित्र! सातपैकी एक गुण.

मॅडम म्हणाल्या, "अवं, वर्णन करा म्हणजे जे दिसते ते लिही. स्पष्ट करा म्हणजे कसं अन् काहून ते सांग. मूल्यमापन करा म्हणजे दोन्ही बाजू जोखून शेवटी निकाल दे. तू निकाल देलाच नाही!"

खरंच. शाळेपासून मी प्रश्नाचा शेवटचा शब्द वाचतच नाही. विषय दिसला की येतं तेवढं ओतायचं. एवढी मोठी झाले आणि हे कोणीतरी सांगावं लागलं!

निघताना मॅडम हसून म्हणाल्या, "बाजारात आमी तुह्या बाबाकडूनच वांगी घेतो, लय चवदार असतात. आमची छकुली दुसरी भाजी खातच नाही." मला मान वर करवेना. का, ते या वहीतही लिहावंसं वाटत नाही.

२ ऑगस्ट

मॅडमनी सरावाला प्रश्न दिला — तुमच्याच शेतातल्या फवारणीचे मूल्यमापन करा. औषध, पंप, फवारायची वेळ, सगळं लिहून नेलं. त्यांनी खाली रेघ मारली. "हे वर्णन झालं. निकाल कुठी हाये?"

निकाल मला माहीत आहे. डब्यावर छापलंय की फवारल्यावर काही दिवस तोडू नका. बाबा संध्याकाळी फवारतात आणि सकाळी तोडतात. आणि विहिरीजवळची ओळ? तिला थेंबही लागू देत नाहीत. ती आमच्या घरची. लहानपणापासून मी त्याच ओळीतली वांगी खात आले. मला वाटायचं, सगळ्यांकडे असंच असतं. सगळ्यांकडे असतंच म्हणा! म्हणून काय झालं?

३ ऑगस्ट

मायला विचारलं — आपली ओळ वेगळी काहून? भाकरी थापत म्हणाली, "किडकं वांगं गिऱ्हाईक हातात तरी घेते काय?" बाबांनी बाहेरून ऐकलं. "त्याच वांग्यावर शिकून राहिली तू. आता आमालेच शिकवतं काय?"

रडू आलं, तेही चोरून. बाबांचा राग आला नाही, हे जास्त वाईट. त्यांचं खरं आहे ना! माझी फी, माझी बस, सगळं त्याच टोपल्यातून आलं.

४ ऑगस्ट

क्लासला गेले नाही.

१९ सप्टेंबर

पुरवणी परीक्षा झाली. तोच विषय फिरून आला! या वेळी शेवटचा शब्द आधी वाचला. फायदे लिहिले, तोटे लिहिले. मग निकाल — आमच्याकडची पद्धत चुकीची आहे. पुरावा म्हणून लिहिलं, शेतकरी स्वतःच्या घरासाठी न फवारलेली ओळ राखतो.

'शेतकरी' लिहिलं. 'आम्ही' लिहायचं धैर्य झालं नाही. आणि मॅडमना तर अजून काहीच सांगितलेलं नाही. छकुली खातेच आहे. अनोळखी परीक्षकासमोर खरं बोलायला काय जातं? भित्री मेली मी!

२७ ऑक्टोबर

पास झाले. मायनं साखर हातावर ठेवली. श्यामदादानंही पेढे मागितले.

२८ ऑक्टोबर

मॅडमना पेढ्यांबरोबर वांगी न्यावीत म्हणून सवयीनं बाजाराच्या टोपल्याकडे वळले. बाबांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि सरळ विहिरीकडे गेले. घरच्या ओळीतली तोडून आणली. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मॅडमच्या घरी लहान पोरगी हाये ना."

मग बाजाराचं टोपलं ऑटोत चढवायचं होतं. दुसऱ्या बाजूनं मीच हात लावला.