मस्टरवरची शंभर माणसे

६ ऑक्टोबर, सोमवार
नागपूरच्या मुख्य कार्यालयाचा मेल. ३० नोव्हेंबरला मस्टरवर शंभर माणसे नसतील तर आपली सूतगिरणी बंद, यंत्रे गुजरातेत. आज ११२ आहेत. म्हणजे बारा जास्तच! एवढे घाबरवण्यासारखे काय आहे कळत नाही. एचआर मॅनेजर म्हणून सहा वर्षे काढली. माणूस कसा धरून ठेवायचा हे कोणी मला, या इंद्रकुमारला, शिकवू नये.

८ ऑक्टोबर
१०९. काल पगार झाला, आज तिघांचे फोन बंद. बरे झाले. तसेही कामचुकार होते.

शालीकरामभाऊंना केबिनमध्ये बोलावले. कामठ्याचे. एकोणीस वर्षे सूतखात्यात, एक खाडा नाही. असा माणूस म्हणजे माझ्या पॉलिसीचा जिवंत पुरावा. विचारले, लोक का सोडून जातात? म्हणाले, "साहेब, कापसाची भुकटी खेचनारे पंखे चालू करा. दोन साल झाले, बंद पडून राहिले. छाती भरून येते मानसाची." एवढे सांगायला तीनदा थांबले. साहेबासमोर बोलायची सवय नाही बिचाऱ्यांना.

पंखे हा मेंटेनन्सचा विषय. माझा विषय मन. लोकांना आपलेपणा हवा असतो.

१० ऑक्टोबर
आपलेपणा सप्ताह सुरू. पंख्यांच्या दुरुस्तीसाठी मंजूर झालेली रक्कम इकडे वळवली. गेटवर बॅनर : 'ही गिरणी, माझे घर'. दोन कॅरम बोर्ड आणले. तासाभरात बोर्डावर कापसाचा थर बसला, स्ट्रायकर जागचा हलेना. उद्यापासून बोर्ड माझ्या केबिनमध्ये.

१५ ऑक्टोबर
१०६.
खरा धोका दिवाळीनंतर. मंडई! गावोगावची जत्रा, पाहुणे, सोयरिकी. दरवर्षी पंधरा दिवस निम्मी गिरणी गायब असते. यंदा उपाय शोधला. सर्वांना मिळून एकच मंडईची सुट्टी, शनिवार २५ ऑक्टोबर. इतर दिवशी खाडा केला तर नाव कमी. नोटीस लावली.

सुपरवायझर मुन्नालाल म्हणाला, साहब, हर गाँव की मंडई अलग दिन रहती है. मी गोंदिया शहरातला, आमच्या घरी मंडईचे खूळ नाही, म्हणून मला हे सगळे बाहेरून स्वच्छ दिसते. त्याला म्हटले, शिस्त म्हणून काही असते की नाही?

२५ ऑक्टोबर
सुट्टी शंभर टक्के यशस्वी. सगळ्यांनी घेतली. मुन्नालाल म्हणतो, आज एकाच्याही गावात मंडई नव्हती.

३१ ऑक्टोबर
गावोगावच्या मंडया सुरू झाल्या. ज्याच्या गावची, तो गेला. ज्याचा मेहुणा त्या गावचा, तोही गेला. ज्याला मुलीसाठी स्थळ बघायचे, तो तर कालच गेला. पण नियम म्हणजे नियम. एकवीस नावे कमी केली.

मस्टरवर ८५. एवढा कडकपणा दाखवायला हिंमत लागते.  

३ नोव्हेंबर
जीप काढून गावोगाव फिरलो. कमी केलेल्यांना मोठ्या मनाने माफ केले. चौदा जण परत यायला तयार. ९९!

नवेगावबांध गावी सुलोचनाबाईंच्या दारात मात्र अपमान झाला. तीन वर्षे आमच्याकडे होत्या. म्हणाल्या, "तिथं खोकलून मरन्यापरीस आमी तलावात मच्छी पकडू. तुमाले मानसं कायले पायजेत? बॅनर आहे ना." निगेटिव्ह थिंकिंग. येताना त्यांच्याकडूनच मासे घेतले.

६ नोव्हेंबर
आज कामठ्याची मंडई. शालीकरामभाऊ दरवर्षी तिथल्या दंडारीत, रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, गातात. एकोणीस वर्षे तेवढी एक रात्र मागतात, तीही पाळी संपल्यावरची. पण माणसे कमी, आठवडाभर त्यांचीच डबल ड्युटी चालू आहे. थांबा म्हटले. थांबले. म्हणाले, "राहू द्या साहेब. अवंदा गाता बी येत नाई, दम पुरत नाई." याला म्हणतात निष्ठा. पुढच्या महिन्यात त्यांचा शाल देऊन सत्कार करायचा.

८ नोव्हेंबर
शालीकरामभाऊ दोन यंत्रांच्या मधल्या वाटेत पडले. उचलून गाडीत घातले तेव्हा त्यांचे ओठ निळे दिसत होते. उन्हाने असेल. नोव्हेंबर आहे, पण ऊन आहे.

११ नोव्हेंबर
बायकोच्या मामेभावाला, टिंकूला, भरती केले. तो पुण्यात असतो, पण नाव मस्टरवर. १००. आता एकही हलता कामा नये.

१२ नोव्हेंबर
कामठ्याला गेलो. भाऊ बाजेवर बसून होते. आडवे झाले की श्वास अडतो, म्हणून रात्रभर बसूनच असतात, असे त्यांची बायको अनुसयाबाई म्हणाल्या. ३० तारखेपर्यंतच्या रजेच्या अर्जावर सही घेतली, म्हणजे नाव टिकले. सही करून त्यांनी विचारले, "पंखे लावले का, साहेब?"

मी हो म्हटले. आजारी माणसाला बरे वाटावे म्हणून. 

१९ नोव्हेंबर
शालीकरामभाऊ काल गेले. मुन्नालाल मातीला जाऊन आला. मी बॅनर उतरवून धुवायला टाकण्याच्या गडबडीत होतो.

रजा ३० तारखेपर्यंत मंजूर आहे. कागदोपत्री तरी ते रजेवर आहेत.

२४ नोव्हेंबर
अनुसयाबाई गेटवर आल्या. नाव कमी झाल्याचा कागद हवा, त्याशिवाय फंडाचे काम पुढे सरकत नाही. "मानूस गेला साहेब, नाव काऊन ठेवलं?" म्हटले, तीस तारखेनंतर या, सिस्टीम बंद आहे.  संध्याकाळी बसने परत गेल्या. त्यांच्याकडे बघवले नाही मला.

३० नोव्हेंबर, रविवार
मोजले. पुन्हा मोजले. बरोबर शंभर. मेल केला. जिंकलो!

१ डिसेंबर
नागपूरचे उत्तर. गिरणी बंद करायचे सप्टेंबरातच ठरले होते. यंत्रे न्यायला ट्रक गुरुवारी येतील. शंभरच्या खाली आकडा गेला असता तर तेवढे एक कारण आयते मिळाले असते, एवढेच. आता नेमका आकडा कळला, त्याबद्दल आभार. सोबत सेवामुक्तीचे छापील फॉर्म. एकशे एक. शेवटच्यावर माझे नाव.

४ डिसेंबर, गुरुवार
आवारात ट्रक लागलेले. फॉर्म भरायला बसलो. प्रत्येकावर 'काम सोडण्याचे कारण', त्याखाली पाच चौकटी. शालीकरामभाऊंच्या फॉर्मवर पेन थांबले. मला कारण ठाऊक होते. पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्याची चौकट तिथे नव्हती, पण खाली एक मोकळी ओळ होती.

मी 'वैयक्तिक' वर खूण केली.

अनुसयाबाई समोर बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. विचारले, "काय लिवलं, साहेब?"

म्हटले, जे झाले तेच. त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि मला हात जोडले.