उभ्या गाडीची फर्स्ट परेड

३ नोव्हेंबर, सोमवार. सातारा
फर्स्ट परेड ६.००. गाडी दहा मि. चालू ठेवली. पाणी ठीक. चाकांत हवा ठीक. तेल गेजच्या वरच्या खुणेच्याही वर. कमी होत नाही, उलट चढतंय. बरं वाटलं. वहीत लिहिलं.
शिंदे भाऊजी कुंपणावरून, "वहिनी, आज जनरलसाब येणार का इन्स्पेक्शनला?" रोजचंच. मीही रोजच्यासारखी हसले.
परवा हे जाऊन सात महिने होतील. सैन्यात सगळी नोकरी गाड्यांवर. घरी आले तरी सकाळी सहाला बॉनेट उघडणारच, त्या तपासणीलाच फर्स्ट परेड म्हणायचे. "उभी गाडी मरते, सुमन." मला चालवता येत नाही. चालू-बंद करायला शिकवलं, दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात.
स्पीडच्या काट्याशेजारी पिवळा दिवा लागतोय, बरेच दिवस. सर्व्हिसिंगचा असेल.

६ नोव्हें.
फ.प. ६.००. तेल तसंच, वर.
मेघाचा फोन सांगलीहून. "आई, गाडी उभी करून पूजा करणार आहेस का तिची? मी रविवारी येते आणि घेऊन जाते. तूही चल चार दिवस."
हो म्हटलं. एप्रिलनंतर गाडी गेटबाहेर गेलेली नाही. बाहेरून पुसून घेतली.

९ नोव्हें., रवि. सांगली
थोडक्यात लिहिते. कराडपर्यंत छान आलो. मेघा गाणं गुणगुणत होती. कराड सोडल्यावर खडखड आवाज, मग लाल दिवा. तिने कडेला घेईपर्यंत इंजिन बंद. परत चावी फिरवली, हललंच नाही.
मेघा स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. "बाबांची गाडी मी मारली. शंभरने पळवली."
मी पाठीवर हात ठेवला.
गाडी क्रेनने सांगलीला. नदाफ मिस्त्रींकडे लावली. हे आणि मिस्त्री सैन्यात एकाच वर्कशॉपमध्ये होते. ह्यांच्या दहाव्यालाही आले होते.

१२ नोव्हें.
मेघा ऑफिसला. एकटीच रिक्षाने गॅरेजला गेले. इंजिन खाली काढून बाकड्यावर ठेवलं होतं. बॉनेटखाली मोकळं. तिकडे बघवलं नाही.
मिस्त्रींनी गेजची पट्टी पुढे केली. "वहिनी, वास घ्या."
डिझेलचा वास.
"तेलात डिझेल उतरलंय. पातळ पाणी झालंय. बेअरिंग खाल्लं, क्रँक खाल्ला. आसं कसं झालं, तेच मला कळंना."
मी पिशवीतून वही काढून दिली. बोट ठेवून एकेक ओळ वाचली त्यांनी.
"एप्रिलपासनं तुमी लिवताय? रोज धा मिनिटं? उभ्यावर?"
हो म्हटलं.
"आन् रस्त्याला?"
एकदाही नाही.
मग त्यांनी समजावून सांगितलं. ह्या नव्या डिझेल गाड्यांना सायलेन्सरमध्ये धूर गाळायची जाळी असते. हायवेला अर्धा तास पळाली की तापते, काजळी जळते. उभ्यावर जळत नाही. जाळायला म्हणून गाडी जादा डिझेल सोडते, ते खाली तेलात उतरतं. म्हणून तेल चढत होतं. पिवळा दिवा तेच सांगत होता.
"आपल्या पलटणीच्या ट्रकला कायबी झालं नसतं. साहेबांची सवय त्या ट्रकची."
हे पण रोज चालू करायचे. पण दर शनिवारी वाईला जाऊनही यायचे. मी अर्धंच केलं.
निघताना म्हणाले, "मेघाताईला काय सांगू?"
मी बोलले नाही.
"पार्ट खराब निगाला म्हणतो."

१३ नोव्हें.
मेघा जेवली नाही नीट. नवऱ्याला आतल्या खोलीत सांगत होती, ऐंशीच्या आत ठेवली असती तर. मी ऐकलं. भांडी विसळत राहिले.

१५ नोव्हें., शनि.
आज मेघा आणि मी दोघी गॅरेजला. मिस्त्रींनी काय काय करता येईल ते सांगितलं.
एक, हेच इंजिन बोअर करून, म्हणजे आतून कातून, क्रँक बदलून. ब्लॉक वाचला तर. मोजायला टाकलाय.
दोन, ह्याच मॉडेलच्या अपघातातल्या गाडीचं इंजिन. एक बघून ठेवलंय, कमी चाललेलं.
तीन, पेट्रोलचं. त्याला ती जाळी नाही. पण वायरिंग, टाकी, कॉम्प्युटर, सगळं बदला, वर आरटीओची परवानगी. "हुतंय, पर मी करू नका म्हणीन. दोन सासवांचा संसार हाय त्यो."
मेघाने मोबाईलवर चौथं दाखवलं, बॅटरीवर करून देतात म्हणे. आवाजच नसतो. मिस्त्री म्हणाले, "साहेब वरनं ओरडतील, कुणी रं मिक्सर बसवला माझ्या गाडीत?"
मेघा हसली. एप्रिलनंतर पहिल्यांदा अशी हसली.
मी विचारलं, त्या अपघातातल्या गाडीत कोण होतं?
"वहिनी, ते इचारत नसत्यात."

१६ नोव्हें., रवि.
सकाळी चहा घेताना मेघाला सांगितलं. वही समोर ठेवली. म्हटलं, तुझ्या वेगाने नाही. माझ्यामुळे झालं.
तिने पानं उलटली. मग म्हणाली, "मिस्त्री म्हणाले पार्ट खराब होता."
"बुधवारी मी बोलले नाही म्हणून तसं म्हणाले."
"चार दिवस, आई. चार दिवस मी..."
उठून गॅलरीत गेली. तासाभराने परत आली. वही पुन्हा उघडली. "पावसातसुद्धा केलंस?"
छत्री घेऊन, म्हटलं.
बिलगली. माझ्यावर रागावलेली आहे अजून. असू दे.

१८ नोव्हें.
मिस्त्रींचा फोन. ब्लॉक मोजून आला. एकदाच बोअर होईल, तेही जेमतेम. पुढे काही झालं तर भंगार. अपघातातलं घेतलं तर इंजिन जास्त टिकेल, पण इंजिन नंबर बदलणार. नंबर बदलायचा तर आरटीओत अर्ज मालकाचा लागतो.
मालक अजून हेच आहेत कागदावर. सात महिने मी गाडीच्या कागदांचं पाकीट उघडलेलं नाही. आधी गाडी माझ्या नावावर करावी लागेल.
म्हणजे जुनं ठेवलं तर नंबर तोच, नाव बदलायची घाई नाही. मला जुनं हवं असं वाटतं ते बहुतेक त्यामुळेच.
म्हटलं, जुनंच करा.
मिस्त्री म्हणाले, "करतो. पर एक इचारू? चालवनार कोन? जुनं ठिवा न्हाईतर दुसरं बसवा, तिला हप्त्याला हायवे पायजे. गेटातच उभी ऱ्हायली तर वरसात परत माझ्याकडंच. आवं, परेड उभ्यानं सुरू हुती, पर गाडीला मार्च पन लागतोय. सोमवारी सांगा. तवर हात लावत न्हाई."

२० नोव्हें. सातारा
एसटीने परत आले. कराडच्या पुढे गाडी बंद पडली ती जागा खिडकीतून शोधली, सापडली नाही.
सकाळी सहाला जाग आली होती, सांगलीतही. काय करायचं कळेना, पडून राहिले.
फरशीवर गाडीखालचा तेलाचा डाग आहे. पुसायचा नाही.

२१ नोव्हें.
शिंदे भाऊजी कुंपणावर. आज थट्टा नाही. "वहिनी, सुनंसुनं वाटतंय सकाळी."
पाकीट उघडलं. आर.सी.वर ह्यांचं पूर्ण नाव, वडिलांचंही. नाव बदलायचा फॉर्म मेघाने पाठवलाय. मालकाच्या रकान्यापर्यंत भरला, मग चहा करायला उठले.

२३ नोव्हें., रवि.
बस स्टँडजवळच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये जाऊन आले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, सुनेसाठी का?" माझ्यासाठी, म्हटलं. वय विचारलं, लिहून घेतलं. आधी लर्निंग लायसन्स, मग क्लासची गाडी दारात. वेळ कुठली हवी?
सकाळी सहा, म्हटलं.
मेघाला कळवलं. उत्तरात फक्त "ओके". मग दहा मिनिटांनी, "हायवेला मी शेजारी बसणार."
उद्या सोमवार. मिस्त्रींना जुनं की दुसरं, काय सांगायचं अजून ठरत नाही. फॉर्म टेबलावर आहे, पेपरवेटखाली.
क्लासची गाडी डिझेल की पेट्रोल, विचारायचं राहिलं.