पलूसचं घर

सातारा,
शुक्रवार, ९ फेब्रुवारी २०२४

चि. अपूर्वा हिस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सारं ठीक. गुडघा आता बराच ऐकतो. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम मी रोज करते असं मुकुलला सांगते आणि तो बिचारा विश्वास ठेवतो. सूनबाईंनी खिडकीत मेथी पेरली आहे. सांगलीत आपल्या ‘उंबरा’ संस्थेच्या कामात चौदा वर्षं सकाळ कुठे जायची कळत नसे. इथे दहा वाजता माझी पोथी, पेपर आणि दुसरा चहा, सगळं संपलेलं असतं.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोलले नाही, म्हणून हे पत्र. फोनवर मला गप्प बसता येतं. पत्रात गप्प बसलं तर कागद कोरा राहतो.

आधी अभिनंदन, जे मी अजून केलेलं नाही. महापालिकेच्या अनुदानासाठी मी सहा वर्षं अर्ज केले, तू दुसऱ्याच वर्षी मंजुरी आणलीस. नोव्हेंबरात पेपरात आलेला फोटो मुकुलनं मला मोबाइलवर मोठा करून दाखवला. ‘उंबरा’नं सांभाळलेल्या धोंडुबाईंच्या भाड्याच्या खोलीच्या दारात तू हिरव्या साडीत बसलेली आणि त्यांचा हात तुझ्या डोक्यावर. चांगला आला होता. माझ्या डोक्यावर त्यांनी कधी हात ठेवला नाही. मी त्यांच्याच वयाची, म्हणून असेल.

खाली बातमीत ‘घरमालक संवाद पद्धती’ असे शब्द होते. मला ते दोनदा वाचावे लागले. मग उलगडलं. भाडं थकलेल्या माणसाला बाहेर काढायच्या आधी घरमालकाच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचं आणि तो ‘बरं, राहू द्या’ म्हणेपर्यंत उठायचं नाही, हे जे मी करत आले, त्याचं हे बारसं. माणूस एकदा रस्त्यावर आला की त्याला पुन्हा खोली मिळणं कठीण, म्हणून तो यायच्या आधी गाठायचा, हे तुला कुणी शिकवलं? बावीस वर्षांची होतीस तेव्हा. घरमालक नानासोंपुढे तुझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्या बातमीत माझं नाव नव्हतं, ‘ज्येष्ठ कार्यकर्त्या’ असंही नव्हतं. मी मुकुलला म्हटलं, आयत्या बिळावर नागोबा. तो म्हणाला, “आई, सोडून तूच आलीस ना?”

बरोबर आहे. ऑपरेशनपुरत्या दोन महिन्यांसाठी तुला किल्ल्या दिल्या होत्या, त्याला दोन वर्षं झाली. परत या असं कुणी म्हणालं नाही, असं मी इथे सगळ्यांना सांगते. तू दोनदा म्हणालीस. तिसऱ्यांदा म्हणशील म्हणून मी ताठून बसले.

तर मला तुझा हेवा वाटला. वाटतो. माझ्याशिवाय काम अडलं नाही याचा, आणि जास्त चांगलं चाललं याचा तर फारच.

डिसेंबरात तुझं पार्सल आलं. धोंडुबाईंची शेंगदाण्याची चटणी. दर हिवाळ्यात त्या माझ्यासाठी डबा भरून आणायच्या. या वर्षी तुला दिला आणि तू त्यातली अर्धी काढून, त्यांच्याच स्टीलच्या डब्यातून मला पाठवलीस. वर चिठ्ठी, “ताई, तुमच्यासाठी थोडी ठेवली.” प्रेमानं केलंस, ते कळत होतं. माझ्या मात्र पोटात दुखलं. माझ्या डब्यातली मला वाटणी देणारी ही कोण? पार्सल दुपारी एकला आलं आणि चार वाजता मी पोस्टात गेले होते. कशाला, ते उद्या लिहिते. आता हात दुखतो.

शनिवार

हात काल दुखत नव्हता.

तुझ्या फोनचं लिहिते. महापालिकेकडे कुणीतरी निनावी अर्ज केला, की ‘उंबरा’ ज्या धोंडुबाईंना निराधार म्हणून दाखवते त्यांच्या नावे पलूसला घर आहे. चौकशी होईपर्यंत अनुदान थांबलं. ज्या चौदा खोल्या त्यावर टिकणार होत्या त्यांचे मालक बिथरले आणि नानासोंनी धोंडुबाईंना शिवजयंतीच्या आत खोली मोकळी करायला सांगितलं. तू धोंडुबाईंना विचारलंस, तर म्हणाल्या, “त्ये फकस्त ताईंस्नी आन् भाऊसोंस्नी ठावं हाय.” आपल्या माणसांना आजवर रिक्षातून फुकट नेणारे भाऊसो. तू मला विचारलंस, “भाऊसोच असतील ना, ताई? मी त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं.” आणि मी म्हणाले, “काय सांगावं, माणसाचा काय भरवसा.”

त्या घराचं तुला कुणी सांगितलं नाही, ते मी सांगते. सात वर्षांपूर्वी आम्ही तिघं भाऊसोंच्या रिक्षातून पलूसला गेलो होतो. उताऱ्यावर धोंडुबाईंचं नाव आहे, पण नवरा गेल्यावर पुतण्यांनी त्यांना बाहेर काढलं. त्या दिवशी थोरल्या पुतण्यानं आम्हाला बघितलं आणि दार लावून घेतलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. धोंडुबाई अंगणात उभ्या राहून आपण सारवलेल्या भिंतीकडे बघत होत्या. “ताई, घर हाय माजं. पर त्यात माजी येक वाकळबी न्हाई.”

परतताना भाऊसो म्हणाले, “आवं ताई, ह्ये कागदावर नेऊ नगा. कागदाला नाव दिसतंय, लावल्यालं दार दिसत न्हाई.” मी शब्द दिला, त्यांनीही दिला. भाऊसोंनी तो सात वर्षं पाळला. अजूनही पाळला आहे.

अर्ज मी केला, अपूर्वा.

डाव्या हातानं लिहिला. इतकी वर्षं तिथे अर्ज दिले, माझं अक्षर कुणीही ओळखलं असतं. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून त्या रात्री मला झोपही लागली. वाटलं, तुला जरा दमछाक होईल, खुलासे लिहावे लागतील आणि तू फोन करशील, ‘ताई, या, तुमच्याशिवाय जमत नाही.’ धोंडुबाईंच्या खोलीवर येईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, असं मी आता लिहिणार होते. आलं होतं. मी ते बाजूला सारलं. ज्या माणसाला बाहेर काढू नये म्हणून मी उंबऱ्यावर बसत होते, त्याच माणसाला काढायला मी पत्र टाकलं, आणि नाव दुसऱ्यावर जाऊ दिलं.

सोबत एका अर्जाची प्रत आहे. हा उजव्या हातानं लिहिला आहे. त्यात पलूसची हकीकत आहे, कुणी दार लावलं ते आहे, आणि पहिला अर्ज कुणी आणि का केला तेही आहे. मूळ अर्ज आज सकाळी स्पीड पोस्टानं महापालिकेत गेला. संस्थेच्या मंडळाचा माझा राजीनामाही पाकिटात आहे, तो मागायची वेळ तुझ्यावर येऊ नये.

सोमवारी पहिल्या एसटीनं मी सांगलीला येते. तुझ्याकडे उतरणार नाही. स्टँडवरून थेट नानासोंच्या उंबऱ्यावर जाऊन बसेन. मी किती वेळ बसू शकते ते त्यांना माहीत आहे. गुडघा नवा आहे, हे माहीत नाही.

हे पत्र आधी भाऊसोंकडे घेऊन जा आणि त्यांना वाचून दाखव. ‘माणसाचा काय भरवसा’ हे वाक्य गाळू नकोस. धोंडुबाईंना मी माझ्या तोंडानं सांगेन. त्यांचा डबा परत आणते आहे. रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात, पण त्यात काय घालावं ते मला दोन दिवस सुचलेलं नाही.

माफ कर असं लिहिलेलं नाही, ते विसरून राहिलेलं नाही. हेवा गेला असंही लिहीत नाही. तो माझ्याबरोबरच एसटीत बसेल.

पहिल्या अर्जाखाली सही करायची राहिली होती. ती इथे करते.

एक जागरूक नागरिक,
शकुंतला अनंत आगाशे