हाताला बॉल लागलेला माणूस

आमचे आर्जेंटिनावाले तात्या,

तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, आणि आता लिहितोय. आठवीनंतर मी पेन धरलं ते फक्त सही करायला, तेव्हा चुका असतील त्या पोटात घाला. पण काल वर्ल्ड कपची फायनल झाली. आर्जेंटिना जिंकली. आणि तात्या, मॅचचा शेवट मी या डोळ्यांनी पाहिला.

मी पाहिला आणि तरी जिंकली. विश्वास बसतो का?

आपल्या गल्लीत मी आर्जेंटिनाची मॅच बघणं म्हणजे पाप होतं. तुमच्या कटिंगच्या दुकानात टीव्ही, सगळी पेठ आत कोंबलेली, आणि मी लहानपणी एकदा दारातून डोकावलो तेवढ्यात आपल्यावर गोल बसला. तुम्ही हसत म्हणालात, "आरं दिप्या, भाईर हो लेका, तू आलास की गोल बसतोय." सगळे हसले. पुढच्या मॅचला मला बाहेर ठेवलं आणि आपण जिंकलो. झालं, तिथून नेमच पडला. टीव्ही लावायच्या आधी कोणीतरी ओरडायचं, "दिप्या गेला का बघा रे!"

मी कोपऱ्यावरच्या भजीच्या गाड्याजवळ थांबायचो. आवाजावरून कळायचं, कोणाचा गोल.

पण मॅच संपली की तुम्ही मला आत बोलवायचात, ते मात्र खरं. खुर्चीत गिऱ्हाईक, तुमच्या हातात कंगवा, आणि सगळी मॅच पहिल्यापासून. पावडरचा डबा गोलकीपर, तुरटी आणि तेलाच्या बाटल्या डिफेन्सला. थोरल्याने इंग्लंडच्या माणसांना एकामागून एक कसं चुकवलं ते तुम्ही इतक्या वेळा दाखवलंत की एकदा गिऱ्हाईकच म्हणालं, "तात्या, आधी माझी दुसरी बाजू मारा, मग गोल मारा."

थोरला आणि धाकटा. दोघेही दहा नंबरवाले, दोघेही बुटके, दोघेही डाव्या पायाचे. तुम्ही त्यांची नावं कधी घेतली नाहीत, घरातल्या माणसांसारखंच बोलायचात. आणि भिंतीवर रद्दीतून कापून लावलेली बाकीची मंडळी. तो जुना मोटार रेसवाला, ज्याला तुम्ही म्हातारा म्हणायचात. आमचे लोक ज्या वयात गुडघे धरून बसतात त्या वयात तो जगज्जेता, एकदा नाही, पाच वेळा. ती टेनिसवाली पोरगी, जिचा एका हाताचा बॅकहँड तुम्ही वस्तऱ्याने करून दाखवायचात आणि गिऱ्हाईक डोळे मिटून घ्यायचं. अमेरिकेला हरवून बास्केटबॉलचं ऑलिम्पिक गोल्ड नेणारी ती लांबच लांब माणसं. हॉकीच्या बायका, ज्या स्वतःला सिंहिणी म्हणवतात. मी यांतलं काहीएक पाहिलेलं नाही. सगळं तुमच्या तोंडून ऐकलंय. आज तुम्ही बाहेर आहात, तर मी सांगतो.

त्याआधी एक तक्रार आहे. रागावू नका.

तुम्ही गंमत केलीत, पण गल्लीने ती खरी धरली. मी पंधरा वर्षांचा असताना धाकटा फायनलला पोचला होता. जर्मनीबरोबर जादा वेळ सुरू झाला, मला राहवलं नाही, मी शटरखालून वाकून बघायला लागलो. आणि त्यांचा गोल. आतल्या कोणीतरी माझे पाय बघितले आणि मला शटरखालून ओढून काढलं. त्यानंतर माझं नाव दिप्या राहिलं नाही, पनवती झालं. कोणाची नवीन गाडी आली की पूजेला मला बोलवायचे नाहीत. नाक्यावर क्रिकेटची टीम निघाली की म्हणायचे, "तू घरीच थांब भावा." तुम्ही कधी पनवती म्हणाला नाहीत. पण तात्या, एकदा तरी म्हणायचं होतंत ना, की बास, हे खोटं आहे?

मी कुठे टिकत नाही असं काकू तुम्हाला म्हणायची. गॅरेज सोडलं, फाउंड्री सोडली. तुम्हाला वाटायचं पोराच्या पायाला चाकं आहेत. चाकं होतीच, पण मला अशा ठिकाणी जायचं होतं जिथे ते नाव पोचलं नसेल. म्हणून दुबईचा व्हिसा मिळाला तेव्हा मी विचारलंसुद्धा नाही काम काय आहे. काम एसीचे डक्ट बनवायचं निघालं, पत्रा कापायचा, वाकवायचा. डीआयपी म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथे आमचं वर्कशॉप आणि मागेच राहायची बिल्डिंग.

मग पहिली सुट्टी. तुम्ही दवाखान्यात, काकूचा फोन, मी विमानतळावरून थेट तिथेच आलो. तुम्ही माझ्या केसांत हात घालून म्हणालात, "कुणी कापलं रं हे? हाताला मुंग्या आल्यात का त्याच्या?" संध्याकाळी तुम्ही गेलात.

डॉक्टर म्हणाले, हार्ट आधीपासूनच थकलं होतं. मला ऐकू आलं, पण पटलं नाही. मी आलो आणि तुम्ही गेलात, एवढंच मला दिसत होतं. त्याच वर्षी थोरलाही गेला. भेटला असेल तुम्हाला. दाढी करून दिलीत का त्याची?

त्यानंतर मी घरी गेलोच नाही. पुढच्या वर्षी धाकट्याने ब्राझीलला हरवून कोपा जिंकला तेव्हा मी मुद्दाम झोपून राहिलो होतो, आणि सकाळी उठून म्हटलं, बघ, तू पाहिलं नाहीस म्हणून जिंकले.

आता आशूचं लग्न ठरलंय तात्या. तुमची आशू. फेब्रुवारीत. मुलगा इचलकरंजीचा, चांगला आहे, फक्त फुटबॉल कळत नाही. ती महिनाभर फोन करत होती. "दादा, सुट्टी टाकलीस का? कान कोण पिळणार मग?" मांडवात नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो, आणि तिला चुलत म्हणा सख्खा म्हणा, मीच आहे. मी सांगायचो, सुट्टी मिळत नाही, फोरमन खडूस आहे. फोरमन रत्नागिरीचा, सोन्यासारखा माणूस, त्याने मला आपणहून विचारलं होतं, "अरे, बहिणीचं लग्न ना? जा की." मला भीती वाटत होती. मागच्या वेळी मी आलो तेव्हा बाप गेला तिचा. आता मांडवात मी उभा राहिलो आणि काही झालं तर?

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. फक्त हारूनभाईला एकदा बोलून गेलो होतो. हारूनभाई आमचा मेसचा कुक, बांगलादेशचा, आणि आर्जेंटिनासाठी तुमच्याहून वेडा. काल लुंगीवर निळीपांढरी जर्सी घालून डाळीला फोडणी देत होता.

मेसच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला होता. मी बाहेर पायरीवर बसलो. आतून दोनदा भिंती हादरल्या, म्हणजे आपले दोन गोल. म्हटलं, बरोबर चाललंय, दिपक, हलू नकोस. मॅच संपत आली तसा हारूनभाई मला शोधत बाहेर आला.

"कप उठाने के टाइम भी इधर बैठेगा क्या? यल्ला, अंदर चल."

"नको भाई. मैं आया तो गोल होगा."

त्याने ऐकलं नाही. दंडाला धरून आत नेलं, स्वतःशेजारी सतरंजीवर बसवलं. आणि तात्या, मी बसलो न बसलो तोच फ्रान्सला पेनल्टी. गोल. लोक सावरतात तोवर त्याच पोराचा दुसरा. असा हवेतून हाणला की बघत राहावं. दोन-दोन.

मी उठलो. हारूनभाईने माझा शर्ट धरला.

"किधर?"

"बोला था ना मैं."

"सौदीने हराया तब तू किधर था?"

"ड्युटी पे. पत्रा काट रहा था."

"देखा था मैच?"

"नहीं."

"तो क्यों हारे?"

तात्या, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पहिलीच मॅच आपण सौदीकडून हरलो होतो आणि मी एक बॉलही पाहिला नव्हता. तो पुढे म्हणाला, "तू अल्लाह है क्या, तेरे देखने से गोल होगा? इतना पावर है आँख में, तो कल जाके पुराने एसी को देख, बिल्डिंग का एसी ठीक कर." मागचे सगळे हसले. मी बसलो. खरं सांगायचं तर त्याने शर्ट सोडला नाही म्हणून बसलो.

जादा वेळात धाकट्याने गोल मारला. मी पाहिला, तात्या, अगदी जवळून, धक्काबुक्कीतून. थोडा वेळ राहिला होता आणि आपल्या एका डिफेंडरच्या हाताला बॉल लागला. परत पेनल्टी, परत बरोबरी. त्या माणसाचा चेहरा मला ओळखीचा वाटला. शटरखालून ओढून काढलं तेव्हा माझा असाच असणार. अगदी शेवटी त्यांचा एक जण एकटा सुटला, आणि आपल्या कीपरने डावा पाय असा लांबवला की तुम्ही असतात तर कात्री खाली पडली असती. वाचलो.

मग पेनल्ट्या. कीपरने एक अडवली, त्यांची एक बाहेर गेली. आता आपली एक बसली की कप. आणि किक मारायला कोण आला माहितीय? तोच. हाताला बॉल लागलेला. मी हारूनभाईला म्हटलं, "इसको क्यों भेजा?" तो म्हणाला, "तो किसको भेजेगा? अपना आदमी है."

त्याला कोणी बाहेर जा म्हटलं नव्हतं तात्या. त्यालाच पुढे केलं होतं.

त्याने मारली. कीपर एका बाजूला, बॉल दुसऱ्या बाजूला. हॉलमध्ये काय झालं ते सांगता येत नाही. हारूनभाई रडत होता, मी रडत होतो, केरळचे सुपरवायझर खुर्चीवर चढले होते. पडद्यावर तो माणूस जर्सीत तोंड लपवून उभा होता.

आज सकाळी फार बरं वाटलं. कित्येक वर्षं पाठीवर पत्र्याची शीट घेऊन चाललो होतो आणि कोणीतरी ती उतरवून घेतली, असं. ड्युटीवर जायच्या आधी आशूला फोन केला.

"आशू, मी येतोय."

"फोरमन खडूस आहे ना तुझा?"

"सुधारला."

"काल पाहिलीस मॅच?" तिने हळूच विचारलं. तिला सगळं ठाऊक होतं, मी उगाच लपवत होतो.

"पाहिली."

मग म्हणाली, "मग लवकर ये दादा. मेंदीच्या आधी ये."

शुक्रवारी बर दुबई भागात जाऊन तिच्यासाठी आणि काकूसाठी मीना बाजारातून कापड घेणार आहे. काकूला कोणता रंग चालतो ते तुम्हीच सांगायचं होतंत, आता अंदाजाने घेतो.

तात्या, शब्द देतो. लग्नात मी मांडवाच्या मागे, आचाऱ्याजवळ उभा राहणार नाही. पहिल्या अक्षतेपासून शेवटच्या पंगतीपर्यंत सगळ्यांच्या समोर राहीन. पेठेतला कोणी जुन्या नावाने हाक मारली तर हसून म्हणेन, माझं नाव दिपक, मी नवरीचा भाऊ. आणि इचलकरंजीकरांचा कान असा पिळीन की तुमच्या आशूला आयुष्यभर जपतील.

तुमचा पोरगा,
दिप्या